कीबोर्डवर बेस असताना बेसवाला कशाला? सोलापुरातल्या एका कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

सोलापुरात जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा कार्यक्रम ठरला की वादकांची यादी पाठ असल्यासारखी तयार होते. दोन कीबोर्ड, ढोलक-तबला, ऑक्टोपॅड, ड्रमसेट, एक गिटार, जमलं तर बासरी नाहीतर सॅक्सोफोन. बेस गिटार, म्हणजे गाण्याचे खालचे जाड सूर वाजवणारी गिटार, या यादीत सहसा नसते. कीबोर्डवाल्याचा डावा हात तेवढं काम उरकून घेतो. म्हणून फेब्रुवारीतल्या एका कार्यक्रमासाठी मुंबईहून एका ज्येष्ठ बेसवादकाला बोलवायचं ठरलं, तेव्हा हिशेब बघणाऱ्याने विचारलेला प्रश्न रास्तच होता: कीबोर्डवर बेस वाजतोच की, मग प्रवास, खोली आणि मानधन देऊन वेगळा माणूस कशाला?

त्या एका दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय घडलं आणि का घडलं, ते इथे मांडलं आहे. वादक सत्तरी ओलांडलेले, हयात रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलेली. मंडळी त्यांना अंकल म्हणत होती, इथेही तेच म्हणू.

अंकल ज्या शिस्तीत तयार झाले, ती आधी समजून घ्यायला हवी. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत त्या काळी अख्खा वाद्यवृंद गायकासोबत एका दमात गाणं रेकॉर्ड करायचा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याकडच्या संयोजकांनी लिहिलेलं नोटेशन समोर यायचं, दोन-चार तालमी व्हायच्या आणि मग टेक. एकाचं बोट घसरलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवणारे टोनी वाझ या परंपरेतले. नंतरच्या पिढीत चेन्नईचे कीथ पीटर्स. अशा वादकाचं नाव श्रोत्याला ठाऊक नसतं, पण गाणं आठवलं की बरेचदा त्याने वाजवलेली ओळही तोंडात येते. या शिस्तीतून एक सवय मुरते: दरवेळी तोच सूर, त्याच जोराने, तेवढ्याच लांबीचा. अंकलचं वाजवणं ऐकताना आधी हेच पाहायचं. सूर कुठे सुरू होतो ते सगळेच ऐकतात. तो कुठे थांबतो, ते ऐकलं की हा माणूस कळतो.

वाद्य

चार तारांची प्रिसिजन पद्धतीची बेस. लिओ फेंडरने हे वाद्य 1951 मध्ये आणलं आणि 1957 पासून त्यात दोन तुकड्यांचा पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारा, चुंबक आणि गुंडाळीचा भाग) आला. दोन तुकड्यांची गुंडाळी एकमेकांच्या उलट असल्यामुळे बाहेरून येणारी घरघर बरीचशी कटते. हॉलमधल्या लाइट डिमरच्या शेजारी उभं राहून वाजवायचं असेल तर याची किंमत कळते. बॅटरी नाही, आत सिग्नल वाढवणारा प्री-ॲम्प नाही. एक व्हॉल्यूम, एक टोन. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, टोन अर्ध्याच्या थोडा खाली.

तारा फ्लॅटवाउंड. नेहमीच्या राउंडवाउंड तारेवर गोल तारेचं वेष्टन असतं, त्यामुळे बोट सरकलं की खरखर येते आणि आवाजात धातूची चमक राहते. फ्लॅटवाउंडचं वेष्टन चपट्या पट्टीचं. आवाज गोल येतो, लवकर विझतो आणि सूर घसरवताना खरखर होत नाही. अमेरिकेत मोटाउन या कंपनीच्या रेकॉर्डांवर बेसवादक जेम्स जेमर्सन यांचा जो आवाज आहे तो जाड फ्लॅटवाउंड तारांचा, ब्रिजच्या (तारा जिथे खालच्या टोकाला अडकवतात त्या भागाच्या) झाकणाखालच्या फोमचा आणि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीचा. ते तारा तुटल्याशिवाय बदलत नसत अशी त्यांची ख्याती होती. अंकलच्या तारांवरही वर्षानुवर्षांचा हात फिरलेला होता. राउंडवाउंडला मेलेली तार म्हणजे दोष. फ्लॅटवाउंडला तोच गुण ठरतो, कारण वरची चमक गेली तरी खालचा मूळ सूर टिकून राहतो.

ब्रिजला लागून, चारही तारांच्या खाली, भांडी घासायच्या स्पंजची एक पट्टी. रुंदी बोटभर, आणि जाडी इतकीच की तारेला नुसती टेकावी, तार वर उचलली जाऊ नये. पट्टी जाड झाली तर सूर चढतो आणि नुसतं ठप्पठप्प ऐकू येतं. पातळ झाली तर काही फरक पडत नाही. बरोबर बसली की उघडी तार छेडल्यावर आवाज दीडेक सेकंदात आपसूक विझतो. अंकलच्या पेटीत अशा तीन जाडीच्या पट्ट्या होत्या. कार्यक्रमात मधली वापरली.

सकाळी नेक सरळ झाली होती

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरून खोलीवर वाद्य उघडलं, तेव्हा पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (वाद्याच्या दांड्यावरच्या) आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, तारा खडखडत होत्या. मुंबईत आदल्या दिवशी ठीक होतं. कारण हवा. मुंबईची दमट हवा सोडून लाकूड सोलापूरच्या कोरड्या हवेत आलं की आतली ओल कमी होते, फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटं फिरतात ती फळी) आकसतो आणि नेकचा पुढे असलेला हलका बाक निघून जातो. तार थरथरायला जागा उरत नाही, ती फ्रेटला घासते. फ्रेटची टोकंही बाजूने हाताला टोचू लागतात. इथले बरेच तरुण वादक अशा वेळी ब्रिजच्या बाजूने तारा उचलतात. मग खडखड थोडी कमी होते, पण वरच्या फ्रेटवर तार इतकी उंच होते की बोट दमतं आणि दाबताना सूर चढतो.

अंकलने वाद्य आधी तासभर नुसतं खोलीत उघडं ठेवलं. मग सुरात लावून मोजमाप. तार पहिल्या फ्रेटला आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाबायची. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते पाहायचं. साधारण 0.3 मिलिमीटर हवी. गॅरेजवाल्याकडे असतो तो फिलर गेज इथे चालतो. फट जवळजवळ शून्य होती. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या लोखंडी कांबेचा, नट ॲलन पान्याने घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा सैल केला, पुन्हा सुरात लावलं, वीस मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. मग आणखी थोडासा, अर्ध्या पावाएवढा फेरा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचं नाही आणि नट अडखळला तर जोर लावायचा नाही. आतला रॉड तुटला की नेक गेली. शेवटी सतराव्या फ्रेटवर तारेची उंची पाहिली: जाड तारेला 2.4, बारीक तारेला 2 मिलिमीटर. ब्रिजला हात लावावाच लागला नाही.

परतीच्या प्रवासात हाच फेरा उलटा फिरवावा लागतो. ते विसरलं तर मुंबईत गेल्यावर बाक जास्त होतो आणि तारा उचलल्यासारख्या वाटतात.

हॉलमधली दुपार

बंदिस्त नाट्यगृह, खाली पोकळ असलेला लाकडी रंगमंच, दोन टोकांना दोन सब, म्हणजे फक्त खालच्या सुरांचे मोठे स्पीकर. इथे तीन गोष्टी एकामागून एक बिघडलेल्या निघाल्या.

पहिली साधी. बेसची केबल सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला गेली होती. कीबोर्डला ते चालतं, कारण कीबोर्डचा सिग्नल आतूनच तगडा केलेला असतो. बॅटरी नसलेल्या बेसचा पिकअप इतका नाजूक असतो की 10-20 किलोओहमच्या इनपुटने त्याचा वरचा आवाज खाऊन टाकला जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, वाद्यच बोथट आहे. मग इक्वलायझरवर ट्रेबल चढवतात, आणि येतो तो निव्वळ सुळसुळाट. उपाय म्हणजे किमान 1 मेगओहम इनपुटचा डीआय बॉक्स (वाद्याचा नाजूक सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी), आणि तो ॲक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा, असेल तर त्या चॅनलला मिक्सरमधून 48 व्होल्ट फँटम वीज चालू. वाद्यातून डीआयमध्ये, डीआयच्या थ्रूमधून स्टेजवरच्या ॲम्पला, आणि बॅलन्स्ड लाइन मिक्सरला. एवढ्याने आवाज उघडला.

दुसरी घरघर. ती सतत होती, पण खालच्या जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे हार्मोनियमच्या हिशेबाने पांढरी 5 ला, फारच विचित्र वागायची. तो सूर 49 हर्ट्‌झचा आणि आपल्या विजेची घरघर 50 ची. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो. वरच्या सप्तकातला 98 चा सूर घ्या, तो विजेच्या 100 शी सेकंदाला दोनदा झगडतो. वादक बिचारा आपला हात हलतोय समजून दाब बदलत बसतो. खरं कारण होतं अर्थिंगचं दुहेरी वळण: ॲम्पची वीज रंगमंचावरच्या एका बोर्डातून, मिक्सरची मागच्या दुसऱ्या बोर्डातून. स्टेजवरचं सगळं एकाच बोर्डावर आणलं आणि डीआयवरचा, सिग्नलच्या केबलमधली अर्थिंग तोडणारा ग्राउंड लिफ्ट दाबला. घरघर गेली. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. ती जिवावर बेतू शकते. बेसच्या तारा आणि गायकाच्या माइकची जाळी यांच्यात मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजायला एक मिनिट लागतं, आणि ते एक-दोन व्होल्टांच्या वर दिसलं तर ओठ माइकजवळ नेण्याआधी वायरमनला बोलवावं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी लक्षात येणारी. साउंड चेकला अंकलने बेसवरची पांढरी 6 ची उघडी तार वाजवत ठेवायला गिटारवाल्याला सांगितलं आणि स्वतः खुर्च्यांमधून फिरले. मधल्या वाटेवर दणदणाट. मधून सात-आठ खुर्च्या बाजूला गेलं की सूर जवळजवळ गायब. आणखी पुढे गेलं की परत हजर. 55 हर्ट्‌झच्या लाटेची लांबी साधारण 6.3 मीटर. ज्या खुर्चीपासून एक सब दुसऱ्यापेक्षा साधारण 3.2 मीटर दूर असेल, तिथे दोघांच्या लाटा उलट्या पडतात आणि एकमेकींना खातात. म्हणजे त्या पट्ट्यातल्या श्रोत्याने कितीही कान दिला तरी त्याला तो सूर ऐकू येणार नाही. इक्वलायझरने हे सुटत नाही. दोन्ही सब उचलून रंगमंचाच्या मधोमध, खाली, एकमेकांना चिकटवून ठेवले. एकत्र आल्यावर त्यांचा जोर वाढतो, म्हणून सबची पातळी 3 डेसिबलने उतरवली. पहिल्या रांगेला थोडं जास्त जाणवतं, तेवढा तोटा पत्करला.

मग बारीक कामं. ॲम्प पोकळ फळ्यांवरून उचलून फोमच्या गादीवर आणि किंचित तिरका, तोंड अंकलच्या कानाकडे. बेसच्या चॅनलवर 40 हर्ट्‌झच्या खालचं कापलं. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर 41 चा, त्याखाली नुसती धडधड असते. गायकांच्या आणि बासरीच्या माइकवर 120 च्या खालचं कापलं, नाहीतर प्रत्येक उघडा माइक बेस पकडून पुन्हा स्पीकरमध्ये सोडतो आणि सगळं गढूळ होतं. ड्रमसेटच्या किकमध्ये, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये, एक सोलापुरी चादर, घडी घालून, दोन्ही बाजूंच्या कातड्याला टेकेल अशी. किकचा आवाज ‘धूऽऽम’वरून ‘ठुक’वर आला.

बेसच्या चॅनलला 700-800 हर्ट्‌झच्या आसपास थोडी उचल. आपल्याकडे बहुतेक जण नेमका हाच भाग खाली ओढतात, कारण एकटं वाजवताना तसा आवाज गोड लागतो. सगळी वाद्यं सुरू झाली की तो गोडवा ऐकूच येत नाही. मोबाइलवर तर मुळीच नाही. त्याच्या टिचभर स्पीकरमधून 41 हर्ट्‌झ येतच नाही, त्याचे बरेच वरचे पट ऐकून मेंदू खालचा सूर भरून काढतो. अंकलची ओळ समजून घ्यायची असेल तर कानाला लावायचा हेडफोनच हवा.

साउंडवाल्या दादांना नवा आवाज पहिल्यांदा पटला नाही.

“अंकल, बेस बारीक वाटतोय की.”

“बारीक नाय, सुटा झालाय. शेवटच्या रांगेत जाऊन ऐक, मग वाढव.”

दादा गेले, दोन मिनिटं उभे राहून आले आणि आवाजाच्या पातळीचा फेडर होता तिथेच ठेवला.

डावा हात आणि डग्गा

तालमीत पहिलं गाणं सुरू होऊन दोन ओळी झाल्या आणि अंकल थांबले. कीबोर्डवाल्याचा डावा हात सवयीने खाली गेला होता. त्यात त्याची चूक नाही. एरवी तो हात नसेल तर गाण्याला पायाच नसतो. पण दोघांनी एकच सूर घेतला तर कीबोर्डचा सूर काट्यावर मोजलेला आणि तारेचा केसभर इकडेतिकडे. त्या फरकाने आवाज डुलतो, आणि दोन आघात एकमेकांपुढेमागे पडून ठोका पसरतो. वेगळा सूर घेतला तर आणखी वाईट. पांढरी 1 च्या कॉर्डला अंकल मुद्दाम गंधार घेतात, 82 हर्ट्‌झचा, आणि कीबोर्डचा डावा हात त्याखाली षड्ज धरतो, 65 चा. इतक्या खाली हे दोन सूर शेजारी आले की घोगरेपणा येतो. शिवाय कॉर्डची दिशा बदलण्यासाठी घेतलेला गंधार वायाच जातो. ठरलं असं: कीबोर्डच्या मधल्या पांढरी 1 पासून एक सप्तक खाली, म्हणजे 131 हर्ट्‌झ, ही हद्द. तिच्या डावीकडे हात न्यायचा नाही.

यानंतरचा मुद्दा आपल्या तालांचा आहे, आणि इथे अंकलच्या वाजवण्यातली खरी श्रीमंती दिसते. पाश्चात्त्य बँडमध्ये बेसला मुख्यतः किकशी जुळवून घ्यायचं असतं. आपल्याकडे डग्गा असतो, आणि तो सुरात घुमतो. केरव्याचे बोल पाहा: धा गे ना ति, न क धि ना. ‘धा’, ‘गे’ आणि ‘धि’ला डग्गा उघडा असतो. ‘ना’, ‘ति’, ‘न’ला तो गप्प, ‘क’ला बंद. बेसवाल्याने आठही मात्रा सारख्या भरल्या तर ‘गे’ची घसीट त्याच्या सुरात बुडते, आणि तबलजीने मनगट झिजवून मिळवलेली गंमत मातीमोल होते. अंकल ‘धा’वर मूळ सूर घेतात आणि ‘गे’ यायच्या आत बंद करतात. तिसरी मात्रा रिकामी. चौथ्या ‘ति’वर डग्गा थांबलेला असतो, तिथे सूर घेऊन तो पाचवी-सहावीवरून लांब ओढतात, म्हणजे ‘खाली’तली, डग्गा गप्प असतो त्या भागातली, पोकळी तेच भरतात. सातव्या ‘धि’च्या आधी पुन्हा हात उचलला. आठवीवर कधीतरी एक मुका ठोका, सूर नसलेला, नुसता तारेवर बोटाचा टक्. तबला आणि बेस असे आलटून-पालटून श्वास घेऊ लागले आणि दोघांचाही आवाज न वाढवता दोघंही ऐकू यायला लागले.

सूर बंद करायचा कसा, हे अगदी जवळून पाहण्यासारखं होतं. डाव्या हाताचं बोट तारेवरचा दाब सोडतं, पण तार सोडत नाही. तार फ्रेटपासून सुटते, बोटाला मात्र टेकलेली राहते. म्हणून ‘टिंग’ असा शेपटीचा आवाज येत नाही. उरलेली दोन बोटं शेजारच्या तारांवर पसरलेली असतात, त्यांना घुमू देत नाहीत. उजव्या हाताचा अंगठा ज्या जाड तारेवर टेकलेला आहे ती त्यानेच गप्प ठेवलेली. छेडणं हलकं. जोरात छेडलं की तार ताणली जाऊन आघाताच्या क्षणी सूर चढतो आणि ती फ्रेटवर आपटून स्वतःचाच आवाज मारते. अंकलचा ॲम्प थोडा मोठा आणि हात हलका, म्हणून प्रत्येक सूर एका मापाचा येतो. मिक्सरवर लहान-मोठे आवाज एका मापात आणणारा कॉम्प्रेसर होता, पण त्याची सुई क्वचितच 2-3 डेसिबलच्या पुढे गेली. तिथे तिला फारसं कामच नव्हतं.

रात्री

कार्यक्रमात 22 गाणी होती. त्यांतली तीन सविस्तर सांगण्याजोगी.

एक संथ गाणं, मिनिटाला 72 ठोके. पहिल्या दोन ओळी अंकलने वाजवलंच नाही. हात तारांवर ठेवून उभे. तिसऱ्या ओळीच्या समेवर एकच सूर, नेकच्या टोकापाशी बोटाच्या मांसल भागाने छेडलेला, आपसूक विझेपर्यंत धरलेला. ब्रिजपासून जितकं दूर छेडावं तितका मूळ सूर जास्त आणि वरचे सूर कमी, म्हणून तिथे आघात ऐकूच येत नाही; गाण्याच्या पायाखाली जमीन आल्यासारखं फक्त जाणवतं. पहिल्या ओळीपासून वाजवलं असतं तर ही जमीन कोणाला कळली नसती. अंतऱ्यातून मुखड्याकडे येताना एका सुरावरून पुढच्यावर घसरत आले, मींड घ्यावी तसे. फ्लॅटवाउंडमुळे खरखर शून्य.

दुसरं गाणं तालमीत पांढरी 3 मध्ये बसवलं होतं. मध्यंतरानंतर गायिकेचा आवाज थकला आणि ऐन वेळी ते काळी 2 मध्ये घ्यायचं ठरलं. कीबोर्डवाल्याने पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं, काम झालं. चार तारांच्या बेसवर हा अर्धा सूर फार महाग पडतो, कारण पांढरी 3 ही सर्वांत खालची उघडी तार. त्याखालची काळी 2 वाद्यात नाहीच. पटकन तार उतरवणारे वादक पुढच्या गाण्यात अडकतात, आणि सैल झालेली तार खडखडते ती वेगळीच. अंकलने षड्ज वरच्या सप्तकात, दुसऱ्या जाड तारेच्या सहाव्या फ्रेटवर घेतला, 78 हर्ट्‌झचा. मग वजन गेलं त्याचं काय? ते त्यांनी खालच्या पंचमातून आणलं, 58 हर्ट्‌झचा, षड्जाच्या खालचा. जिथे आधी खालचा षड्ज होता त्या मोक्याच्या दोन-तीन जागी पंचम, बाकी ठिकाणी षड्ज. कॉर्ड तोच राहिला आणि कानाला खोलीही मिळाली. पहिल्या आवर्तनात हे सगळं ठरलेलं होतं. दुसऱ्या आवर्तनापासून ड्रमवाल्याच्या पायाकडे नजर लावून निवांत वाजवत होते.

तिसऱ्या गाण्यात चूक झाली. 96 च्या लयीचं गाणं, ठोका 625 मिलिसेकंदांचा. गायक दुसऱ्या अंतऱ्यात एक आवर्तन आधी शिरला. कीबोर्ड म्युझिक पीसमध्ये, बासरी हवेत, तबलजी तिहाईच्या तयारीत. अशा वेळी जो तो आपापल्या अंदाजाने उडी मारतो आणि दोन आवर्तनं चिखल होतो. अंकलने लय तोडली नाही, सजावट मात्र एका क्षणात काढून टाकली. गायक ज्या कॉर्डवर आहे त्याचा मूळ सूर, फक्त समेवर आणि पाचवीवर, लांब, ठसठशीत. बाकी काही नाही. एका आवर्तनात कीबोर्ड त्या सुराकडे वळला, पुढच्या समेला सगळे एकत्र. मग मुका ठोका परत आला, छोटे सूर परत आले. एरवी या गाण्यात ते ठोक्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग वाजवत आणि चौथा मोकळा सोडत. गोंधळाच्या त्या आवर्तनात मात्र सूर काठोकाठ धरले, कारण तेव्हा इतरांना नाचवण्यापेक्षा त्यांना पकडायला दांडी देणं जास्त गरजेचं होतं. हे कागदावर लिहून देता येत नाही. एका टेकमध्ये चाळीस-पन्नास माणसांचं गाणं वाचवायची सवय असलेल्या हाताला ते सुचतं.

हिशेब बघणाऱ्याचा प्रश्न एका बाबतीत बरोबर निघाला. 22 पैकी तीन गाण्यांना अंकलने हातच लावला नाही. ती ऐंशीच्या दशकातली, मूळ बेस सिंथेसायझरचा, सोळा बारीक तुकड्यांत एकसारखा धावणारा. स्पंज लावलेल्या फ्लॅटवाउंडवर तो आवाज खोटा वाटला असता. तिथे त्यांनी स्वतःच कीबोर्डवाल्याला हद्द मोकळी करून दिली आणि विंगेत उभं राहून ऐकलं. उरलेल्या 19 गाण्यांत मात्र कीबोर्डच्या बेसला जे जमत नाही ते सगळं होतं: सुराची लांबी जागच्या जागी बदलणं, डग्ग्याला वाट देणं, खरखर न करता घसरणं, न वाजवता थांबणं. कीबोर्डवाल्याला हे समजत नाही असं नाही. त्याच्याकडे त्याच वेळी उजव्या हाताने व्हायोलिनचा पीस वाजवायचं काम असतं, एवढंच.

कार्यक्रमानंतर इथल्या एका तरुण बेसवादकाने तारांचा ब्रँड विचारला. अंकलने तो सांगितला, पण आधी एक रियाज दिला, तोच इथे नोंदवतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर. एकच सूर, दुसऱ्या जाड तारेचा पाचवा फ्रेट. दर ठोक्याला छेडायचा. पहिली दोन मिनिटं सूर पुढच्या ठोक्यापर्यंत धरायचा. पुढची दोन मिनिटं बरोबर अर्ध्यावर बंद करायचा, मग पावावर. मोबाइलवर रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐकायचं आणि फक्त सूर बंद होण्याच्या जागेकडे लक्ष द्यायचं. ती पुढेमागे होत असेल तर बोट दाब सोडण्याऐवजी तार सोडतंय असं समजावं. तारा त्यानंतर घ्याव्यात, आणि फ्लॅटवाउंड चढवली की तिचा ताण बहुधा जास्त असल्यामुळे नेकचा बाक पुन्हा मोजावा.

पुढच्या तालमीला त्या वाद्यवृंदाच्या कीबोर्डवर, मधल्या पांढरी 1 पासून एक सप्तक खाली, दोन पट्ट्यांच्या मधे काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवलेला होता. बेस वाजवायला अजून कोणी मिळालेलं नव्हतं. टेप मात्र काढली नव्हती.